इन्शुलिनला काही विचारलं नाही, वांग्याला मात्र सगळं विचारलं

मळीवाला (संकेश्वर)

दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच, "पोरीला बारावीनंतर बायोटेक घेऊ दे काय?" हा करिअरचा धागा नव्हे, आधीच सांगतो. पण त्या प्रश्नाला उत्तर देताना एक गोष्ट मला कायम खटकते, ती इथं मांडतो. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅबला आहे. दिवसभर यीस्टच्या तब्येतीची चौकशी करणं हेच माझं काम.

आपल्या भागात घरोघरी फ्रीजच्या दारात इन्शुलिन असतं. पूर्वी ते डुकराच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ मध्ये मानवी इन्शुलिनची जनुकं जिवाणूत घालून ते बनवून दाखवलं गेलं आणि १९८२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूरही झालं. बंगळूरच्या बायोकॉननं २००४ मध्ये पिकिया नावाच्या यीस्टमधून बनवलेलं मानवी इन्शुलिन बाजारात आणलं. म्हणजे अस्सल जनुकबदल केलेल्या जिवाचं हे उत्पादन. एकादशीला कुठलं मीठ चालतं यावर अर्धा तास वाद घालणारी आमची आत्या ते रोज टोचून घेते. तिनं कधी विचारलं नाही, मी विचारलं नाही, तुम्हीही नसेल.

आता बीटी वांगं घ्या, म्हणजे जिवाणूचं जनुक घालून अळीला मारक केलेलं वांगं. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीनं मंजुरी दिली. मग सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, गदारोळ झाला आणि ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. ती अजून उठलेली नाही. बांगलादेशानं तेच वांगं २०१४ पासून शेतात लावलं.

तिसरी तऱ्हा इंधनाची. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल २०३० पर्यंत मिसळायचं होतं, ते २०२५ वर आणलं आणि झालंही. आपल्याला ना कुणी विचारलं, ना आपण विचारलं. पंपावर गेलो, भरलं.

औषध मुकाट घेतलं, वांग्यावर भांडलो, इंधन सरकारनं ठरवलं. असं का? आपापल्या गावाकडचं सांगा. व्हॉट्सअपवरचं फॉरवर्ड नको.

येळ्ळूरचा शेतकरी

मळीवाले, उत्तर सोपं आहे की ओ. इन्शुलिन बाटलीत बसतंय. वांग्याच्या फुलावर मधमाशी बसतीया, ती माझ्या बांधावरनं तुमच्या बांधावर जातीया. बाटलीवर मधमाशी बसत नाही. दुसरं म्हणजे आत्याबाईंना ते इंजेक्शन सोसलं नाही तर डॉक्टर बदलून देतात. बियाणं नाही सोसलं तर माझं वर्ष गेलं, ते कोण बदलून देणार?

आमच्याकडं कुणी विज्ञानाच्या विरोधात नाही. पॉवर टिलर आला, घेतला. रोप लागणीचं मशीन आलं, भाड्यानं घेतलं. पण मशीन पोरं घालत नाही आणि वाऱ्यावर उडत नाही.

कुडचीचा पाव्हणा

वांग्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावाचं नाव त्यात कसं आलं ते लिहितो. बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

बीटी वांगं म्हणजे एकच वांगं नव्हतं. ते बनवणाऱ्या कंपनीनं आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या विद्यापीठांनी जनुक घालायला ठिकठिकाणची गावठी वाणं घेतली. धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या वाट्याला कर्नाटकातली सहा आली. त्यांत उडुपी गुळ्ळा होतं, मलापूर होतं, मांजरी गोटा होतं आणि आमचं 'कुडची लोकल'सुद्धा होतं. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार गावचं वाण व्यापारासाठी वापरायचं तर आधी परवानगी काढायची आणि गावाशी बोलायचं. तसं काही झालं नाही, अशी तक्रार बंगळूरच्या एका पर्यावरण संस्थेनं २०१० मध्ये केली. २०११ मध्ये राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणानं कारवाई करायचं ठरवलं आणि पुढं प्रकरण धारवाडच्या कोर्टात गेलं.

वांगं विषारी आहे की नाही, हा माझा प्रश्न नाहीच. त्यातलं प्रथिन जमिनीतल्या एका जिवाणूचं आहे आणि तोच जिवाणू सेंद्रिय शेतीवालेसुद्धा फवारतात. माझा प्रश्न असा, की ज्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या चुलीजवळ राखेत बी जपून ते वाण टिकवलं, त्यांना यात कुठं धरलं? इन्शुलिनच्या यीस्टवर कुणा गावाचा हक्क नव्हता, म्हणून तिथं भांडण नव्हतं.

मळीवाला

@कुडचीचा पाव्हणा, हे खरंच मोलाचं. मी मधमाशीपाशी अडकलो होतो, तुम्ही सातबाऱ्यापाशी आणलंत.

तरी एक म्हणणं आहे. स्थगिती आली तेव्हा त्या हक्काच्या मुद्द्यावर आलेली नव्हती. सुरक्षिततेच्या चाचण्या पुरेशा आणि स्वतंत्र नाहीत, असं कारण होतं. पुढं त्या चाचण्या जोमानं करून 'हो' किंवा 'नाही' काहीतरी ठरवायला हवं होतं. आपण फाईल बंद करून वर पेपरवेट ठेवला. आणि तोवर शेतकरी फळ पोखरणाऱ्या अळीसाठी फवारतच राहिला. बाजारातलं बिनकिड्याचं वांगं किती फवारण्या खाऊन आलेलं असतं, हे येळ्ळूरकरांना मी सांगायची गरज नाही.

येळ्ळूरचा शेतकरी

ते मात्र खरं. विकायच्या वांग्यातलं घरात खायला आम्ही आणत नाही. परसात चार झाडं वेगळी असतात.

होंगलची कापूसवाली (बैलहोंगल)

माझं माहेर गडहिंग्लज आणि सासर इकडं काळ्या रानात, त्यामुळं कापसाबद्दल दोन शब्द.

धारवाडचं नाव वांग्यामुळं निघालं, पण त्या भागाचं कापसाचं काम त्याहून जुनं आणि मोठं आहे. १९७२ चं वरलक्ष्मी संकरित वाण डॉ. कातरकींनी धारवाडात काढलं, त्यानंतर डीसीएच ३२ आलं, ज्याला सगळे जयलक्ष्मी म्हणतात. लांब धाग्याचा कापूस. सासरे अजून त्याची आठवण काढतात.

बीटी २००२ मध्ये आलं. सुरुवातीची वर्षं खरोखर चांगली गेली हे आमच्या घरात कुणीच नाकारत नाही. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या एकदम कमी झाल्या. पुढं गुलाबी बोंडअळी सरावली. पहिल्या बीटीला ती दाद देत नाही हे २०१० मध्ये गुजरातेत ते आणणाऱ्या कंपनीनंच मान्य केलं. दोन जनुकांचं बीटी २०१६ च्या आधीच ढिलं पडलं होतं.

आता यात दोष कुणाचा? पिशवीबरोबर साध्या कापसाचं बियाणं यायचं, कडेला लावायला. अळीची सगळीच पिल्लावळ बीटी पचवणारी होऊ नये म्हणून ती सोय होती. किती जणांनी लावलं? आमच्या गल्लीत ते बी कोंबड्यांना पडायचं. दुकानदारानं समजावलं नाही, पाकिटातला कागद इंग्रजीत. शिवाय सगळीच संकरित वाणं, म्हणजे बी दरसाल विकत. चीनमध्ये सरळ वाणांत, म्हणजे ज्यांचं बी घरी ठेवता येतं त्यांत, बीटी दिलं, आपल्याकडं संकरितच चाललं. जनुक बरं होतं, ते ज्या पिशवीत घालून दिलं तिथं घोळ झाला.

पॅथॉलॉजीवाली अक्का (बेळगाव)

शेतकरी मंडळींनी धागा ताब्यात घेतलाय, म्हणून थोडं आमच्याकडचं.

टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरायला जाता ना? तिथं देवीची लस बनायची. वासरांच्या कातडीवर विषाणू वाढवायचा, खरवडून घ्यायचा, शुद्ध करायचा. देशात ही लस बनवणाऱ्या मोजक्या संस्थांत बेळगाव होतं. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा, १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. तेव्हा बायोटेक बेळगावात नवीन नाही, झाडाखाली शाल गुंडाळून बसलेल्या आजोबांना विचारा. २०२० मध्ये कोव्हॅक्सिनच्या चाचण्या ज्या मोजक्या ठिकाणी झाल्या त्यांतही आपल्या शहरातलं एक हॉस्पिटल होतं.

आता रोजच्या कामात काय बदललं ते सांगते. क्षयाचं निदान. बेडका काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकात बघणं हीच आमची पद्धत होती. जिवाणू कमी असले की सुटून जायचे. आता गोव्यात बनलेलं ट्रूनॅट यंत्र जिवाणूचा डीएनएच शोधतं, रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला तो दाद देतो की नाही तेही सांगतं. बॅटरीवर चालतं. कणकुंबीच्या बाजूला पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते, तिथं बॅटरीवर चालणं म्हणजे काय हे शहरवाल्यांना कळणार नाही.

कॅन्सरमध्ये ट्रास्टुझुमॅब. स्तनाच्या कॅन्सरच्या एका प्रकारावरचं प्रतिपिंड, जनुकबदल केलेल्या पेशींत वाढवतात. मूळ औषध सामान्य घराला झेपणारं नव्हतं. भारतात २०१३ मध्ये त्याच धर्तीच्या औषधाला मंजुरी मिळाली आणि किंमत उतरायला लागली. अजून स्वस्त आहे असं म्हणवत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून केलेली कार-टी उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांत जनुक घालून परत सोडायच्या. परदेशाच्या मानानं फारच कमी खर्चात, पण तरी लाखांत.

मळीवाले, औषधाला कुणी विचारत नाही कारण समोर मरण असतं. वांग्याशिवाय कुणी मरत नाही.

एक जिथं आपण मागं आहोत तेही लिहिते. माकडताप. १९५७ मध्ये शिमोग्याकडं क्यासनूरच्या जंगलात सापडलेला विषाणू हळूहळू घाटानं वर सरकत सिंधुदुर्गापर्यंत पोचला. काजूच्या बागेत, जळणाला जंगलात जाणाऱ्यांना गोचिडीमुळं होतो. जुनी लस होती, कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवलेली. तिचा उपयोग पुरेसा होईना म्हणून ती थांबवली. नव्या लशीचं काम चालू आहे. श्रीमंत देशात हा ताप असता तर एव्हाना तीन लशी बाजारात असत्या, हे माझं मत.

कणकुंबीचा वाटाड्या

अक्कांनी कॅन्सरचं काढलं म्हणून. आमच्या जंगलात, चंदगड-आंबोलीकडंही, नरक्या नावाचं झाड आहे. लाकडाला घाण वास. जळणालासुद्धा कुणी आणत नसे. १९६६ मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन काढलं, नंतर कळलं की तेच आपल्या नरक्यात भरपूर आहे. त्यापासून टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही औषधं बनतात. मग काय, ट्रक लागायला लागले. किलोला काही रुपये पोरांच्या हातात, रात्रीत डोंगर साफ. पकडलेल्या मालाच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

यात बायोटेकचा उपयोग उलटा व्हायला हवा. टॅक्सोलचं असंच होतं, यू वृक्षाची साल सोलून झाडं मारायचे. आता टाकीत वनस्पतीच्या पेशी वाढवून ते बनवतात. नरक्याच्या आत राहणाऱ्या बुरशीकडून तेच रसायन मिळतं का, याच्यावरही शास्त्रज्ञ काम करतायत. टाकीत जमलं तर आमचं जंगल सुटलं. बेळगावात पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची संस्था आहे, तिनं हे मनावर घ्यावं असं फार वाटतं.

निपाणीकर

सगळ्यांनी आपापलं पीक आणलं, मग आम्ही तंबाखू का सोडावी? हसू नका, तंबाखूशिवाय ही सगळी कहाणी सुरूच होत नाही.

प्रयोगशाळेत जनुक घालून वाढवलेल्या पहिल्या रोपांत तंबाखूच होती, साल १९८३. तिच्यात जनुक चटकन रुजतं, पानापासून अख्खं रोप उभं राहतं, पालाही भरपूर. २०१४ च्या इबोलाच्या साथीत झेडमॅप नावाचं औषध दोन अमेरिकन आरोग्यसेवकांना दिलं होतं, ते तंबाखूच्या एका ऑस्ट्रेलियन बहिणीच्या पानांत बनवलेलं. कॅनडात मेडिकागो कंपनीनं त्याच झाडात कोविडची लस बनवली, फेब्रुवारी २०२२ मध्ये तिला तिथं मंजुरीही मिळाली. पण कंपनीत सिगारेटवाल्यांचा पैसा होता म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं लस घेतली नाही आणि वर्षभरात कंपनीच गुंडाळली.

वखारीतल्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आता जर्दाबी औषधात?" तसं नव्हे बाबा. ती झाडं बंद काचघरात, एकरावर नाही. आपल्या बिडी-तंबाखूच्या शेतकऱ्याला त्यातून काही मिळणार नाही. १९८१ च्या आंदोलनात आमच्या वडिलांच्या पिढीनं रस्त्यावर बसून भाव मागितला होता. लशीच्या तंबाखूला रस्त्यावर बसायला शेतकरीच नसेल.

हायवे४८

इथेनॉल म्हणजे दारूभट्टीच की. तिला बायोटेक काय म्हणता? आणि माझ्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय त्याचं काय?

मळीवाला

@हायवे४८, भट्टीच आहे, मीच तिथला भट्टीवाला. यीस्टही तेच, सॅकरोमायसिस. पण जरा आत या.

मळीत साखर असते, यीस्ट ती खाऊन अल्कोहोल करतं. टाकीचं तापमान चौतीसच्या वर गेलं की ते दमायला लागतं. एप्रिलमध्ये कूलिंगचं पाणीच कोमट येतं, तेव्हा आमची झोप उडते. लॅक्टोबॅसिलस नावाचा जिवाणू शिरला तर साखर तो खातो आणि आम्हाला आंबट पाणी देतो. सगळं नीट झालं तर एक टन शेवटच्या मळीतून साधारण सव्वादोनशे लिटर. जिच्यात साखर मुद्दाम ठेवलेली असते त्या बी हेवी मळीतून तीनशेच्या आसपास. नुसतं उकळून ९५-९६ टक्क्यांपुढं अल्कोहोल जातच नाही, राहिलेलं पाणी झिओलाइट नावाच्या खनिजाच्या गाळणीत अडवावं लागतं, कारण पेट्रोलला पाणी चालत नाही.

खरी नवी गोष्ट मक्यात आहे. मक्याच्या स्टार्चला यीस्ट तोंड लावत नाही. आधी एन्झाइमनं त्याची साखर करावी लागते, आणि ही एन्झाइमं बहुतेक जनुकबदल केलेल्या बुरशी-जिवाणूंकडून बनवून घेतलेली असतात. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रानं बंधनं घातली तेव्हा मक्याकडं ओढा वाढला. गोकाक-सौंदत्तीकडच्या मकावाल्यांना बरं झालं, पोल्ट्रीवाले मात्र खाद्याच्या भावानं रडले. बंधनं २०२४ मध्ये उठली.

ॲव्हरेजचं म्हणाल तर लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. वीस टक्के मिसळलं की थोडा फरक पडणारच. तो नाही असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि निम्म्यावर आला म्हणणाऱ्यावरही नको.

ज्याबद्दल ओरड व्हायला हवी ते वेगळंच आहे. एक लिटर अल्कोहोलमागं आठ ते पंधरा लिटर काळं सांडपाणी निघतं. पूर्वी ओढ्यात सोडायचे, मासे उलटे व्हायचे. आता नियमानं बाहेर थेंब सोडायचा नाही. आधी जिवाणूंकडून त्याचा बायोगॅस काढायचा, मग आटवून बॉयलरला जाळायचं किंवा प्रेसमडबरोबर (उसाच्या रसाचा गाळ) कुजवून खत करायचं. कागदावर सगळीकडं असंच चालतं, एवढंच म्हणतो, पोटाचा प्रश्न आहे. आणि घटप्रभा-हिरण्यकेशीचं किती पाणी उसाला जातं, तो हिशेब कुठल्याच लिटरमध्ये धरत नाहीत.

मराठा लाईट

हे सगळं महाराष्ट्रात असतं तर कधीच

संचालक

सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, तिकडं. इथं वांगं, ऊस, लस.

येळ्ळूरचा शेतकरी

माझा एक खरा प्रश्न. आमची बेळगाव बासमती संपत आलीया. वास असा की शेजारच्या गल्लीत कळतंय कुणाकडं भात शिजलाय. पण उंच वाढतीया, परतीच्या पावसात लोळतीया, उतारा कमी. सगळे दुसऱ्या भाताकडं वळले. हे जनुक संपादन म्हणतात, त्यात हिची उंची कमी होईल काय? वास ठेवून?

मळीवाला

अण्णा, तत्त्वतः होय. तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

बहुतेक सुवासिक भातांत वास येतो तो एक जनुक निकामी झाल्यामुळं, बीएडीएच२ त्याचं नाव. आणि ठेंगणेपणाचं एसडी१ जनुक तर हरितक्रांतीपासून माहीत आहे. संपादनात बाहेरचं जनुक घालत नाहीत, भाताच्या स्वतःच्याच जनुकात नेमक्या जागी काट मारतात. त्यामुळं २०२२ मध्ये केंद्रानं अशा रोपांना बीटीच्या किचकट नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये देशातली अशी पहिली दोन भातं जाहीर झाली. एक सांबा मसुरीपासूनचं 'कमला', ते लवकर तयार होतं. दुसरं पुसा डीएसटी १, खारवट रानासाठी. म्हणजे उंची कमी, वास तसाच, हे जमण्यासारखं आहे. पण एका तालुक्यापुरत्या भातासाठी कुठली कंपनी पैसा घालणार नाही. हे विद्यापीठानंच करायला हवं, आणि कुडचीकरांनी सांगितलेली चूक न करता.

कुडचीचा पाव्हणा

आधी येळ्ळूर-वडगावच्या शेतकऱ्यांच्या नावानं त्या वाणाची नोंद करून घ्या. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे, त्यात शेतकऱ्यांच्या वाणाला नोंदणी मिळते. मग शास्त्रज्ञाला बोलवा. उलटं करू नका.

येळ्ळूरचा शेतकरी

कागदं काय लागतात ते बघून सांगा पाव्हणे. पंचायतीत विषय घालतो.

नवीन सभासद (हुक्केरी)

मी वाचत होते फक्त. आम्ही उसाची टिश्यू कल्चर रोपं घ्यायचं म्हणतोय, गवताळ वाढीच्या रोगानं खोडवा गेला. घ्यावीत काय? सगळ्या रानात लावायला परवडेल?

मळीवाला

सगळ्या रानात लावू नका ताई. ती रोपं गाळपाच्या उसासाठी नसतातच, बेणे मळ्यासाठी, म्हणजे लागणीचं बेणं तयार करायला असतात. शेंड्याच्या टोकाचा अगदी बारीक भाग घेऊन वाढवतात, तिथं रोग बहुधा पोचलेला नसतो, म्हणून रोप निरोगी मिळतं. थोड्या गुंठ्यांत लावा, त्याचं बेणं पुढच्या साली मोठ्या रानात घ्या, तीन-चार वर्षांनी परत नवं आणा. घेताना केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रमाणीकरणाचं लेबल आहे का बघा, विषाणू चाचणीचा कागद मागा आणि पक्की पावती घ्या. रोपं एकसारखी नसतील तर ट्रे तिथंच परत करा. वाण विचाराल तर आपल्याकडं को ८६०३२ बरं, पण तुमच्या कारखान्याचा शेती विभाग कुठल्या वाणाला आधी तोड देतो ते विचारून मगच ठरवा.